गाठी मारलेल्या तारा

त्या ट्रकवर एकही ड्रायव्हर टिकत नव्हता, म्हणून तो आमच्याकडे आला.

बडोद्याबाहेर, छाणीच्या पुढे, हायवेला लागून आमचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान होतं. हे स्टार्टर, डायनॅमो आणि बॅटऱ्या बघायचे, वायरिंग माझ्याकडे. पंजाबी ड्रेसवर ह्यांचा जुना खाकी शर्ट चढवून मी ट्रकखाली शिरायचे. पहिली काही वर्षं समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं ते बघायला उभी राहायची. पुढे त्यांना सवय झाली आणि मी सगळ्यांची ‘बेन’ झाले.

ट्रक सहा चाकी, दहाएक वर्षं वापरलेला. त्याचे मालक खडीची वाहतूक करायचे. शांत, हळू बोलणारे गृहस्थ. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. त्या दिवशी ते स्वतः ट्रकबरोबर आले होते.

“बेन, एवढी शेवटची बघा,” ते म्हणाले. “नाहीतर हिला भंगारात घालतो.”

तक्रार अशी होती की ब्रेक दाबला की इंजिन बंद पडायचं. दर वेळी नाही. कधी दिवसभर काही नाही आणि मग उतारावर, भरलेल्या गाडीत, ब्रेकवर पाय पडला की इंजिन गप्प. दिवे लावले की टेंपरेचरचा काटा उठून लाल पट्ट्यात जायचा, इंजिन थंडगार असलं तरी. आणि चावी काढून नुसते पार्किंगचे दिवे ठेवले तरी डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा मंद तेवत राहायचा. टेंपरेचरचा सेन्सर दोनदा बदलून झाला होता, बॅटरी नवी होती. बदललं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

ड्रायव्हर उत्तरेकडचा होता. त्यानं बंपरला लिंबू-मिरची बांधली होती, आरशाला काळा दोरा, आणि सीटखाली कुठल्याशा दर्ग्यावरून आणलेली चादर. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “बेन, ब्रेक मैं दबाता हूँ, गाड़ी कोई और बंद करता है.”

मी हसले. मला असल्या गोष्टींची भीती नव्हती. वडील रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते. तारा, रिले, बॅटऱ्या यांच्यातच आम्ही प्रतापनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. वडील म्हणायचे, वीज कधी खोटं बोलत नाही, ऐकणारा चुकतो. त्यामुळे मी मीटर काढला आणि कामाला लागले.

मीटरची एक तार बॅटरीच्या उणे टोकाला लावली, दुसरी कॅबिनच्या पत्र्याला, आणि ह्यांना दिवे लावायला सांगितलं. मीटरचा काटा हलायला नको होता. तो हलला आणि तसाच राहिला. तेवढ्यावरून निम्मं समजलं. वीज दिव्यापर्यंत जाते, तशी तिला बॅटरीकडे परत यायलाही वाट लागते. ट्रकची कॅबिन रबराच्या गट्ट्यांवर बसलेली असते, म्हणून परतीसाठी कॅबिनपासून इंजिनपर्यंत वेगळी जाड तार टाकावी लागते. ती कुठे तरी तुटली होती. दिव्यांची, ब्रेकलाइटची वीज मग सापडेल त्या बारीक तारेतून परत पळत होती, कधी काट्याच्या, कधी सेन्सरच्या. त्या ओढाताणीत इंजिन चालू ठेवणाऱ्या सोलेनॉइडला वीज कमी पडली की इंजिन बंद.

पण तार दिसेना. डॅशबोर्डखालचं वायरिंग उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. कारखान्यातून येणाऱ्या वायरिंगमध्ये रंगांना शिस्त असते. इथे कॅबिनमधून इंजिनकडे जाणारी अख्खी जुडी कधी तरी जळाली असावी आणि कोणी तरी मधला सगळा तुकडा नवा घातला होता. हातात येईल त्या रंगाच्या तारा. हिरव्याला लाल, तपकिरीला हिरवी, काळ्याला लाल. जोड मात्र पक्के, एकसारखे.

“कुणा आंधळ्यानं केलंय हे,” मी आतूनच ह्यांना ओरडून सांगितलं.

हाताला टेप गुंडाळलेलं एक टोक लागलं. जाड लाल तार, कुठेच न जोडलेली. नंतर आलेल्या एखाद्या वायरमननं लाल म्हणजे चालू वीज असं समजून, ती कॅबिनच्या पत्र्याला लावलेली बघून घाबरून कापली असणार आणि टेप मारून सोडून दिली असणार. मी पाठीवर पडलेली, वर अंधार, टॉर्च धरायला हात मोकळा नाही. म्हणून बोटांनी चाचपत गेले. टेपच्या थोडं मागे तारेभोवती मेणाचा दोरा गुंडाळला होता. त्या दोऱ्याला गाठी होत्या. एक, दोन, तीन. सारख्या अंतरावर.

मी हात काढून घेतला.

पुन्हा घातला. शेजारची तार चाचपली. तिच्यावर एक गाठ. पलीकडच्या तारेवर दोन.

मला एक मोठा भाऊ होता. आम्ही दोघं लहान असताना वडील जेवण झाल्यावर ताटं उचलून तिथेच तारांचे तुकडे मांडायचे आणि जोड कसा करायचा ते शिकवायचे. माझा हात पटकन बसला, भावाचा त्याहून चांगला. फक्त तो रंग सांगताना चुकायचा. वडिलांना वाटायचं, लक्ष नाही. मग त्यानं एक युक्ती काढली. वडील केबल बांधायचा मेणाचा दोरा आणायचे, त्यातला तुकडा घेऊन तो मला विचारायचा, “ही कुठली?” मी म्हणायचे, “लाल.” तो एक गाठ मारायचा. हिरवी म्हटलं की दोन. काळी, म्हणजे परतीची, तीन. आम्हाला तो खेळ वाटायचा. त्याला लाल आणि हिरवं वेगळं दिसतच नाही हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्याही नाही, असं मला वाटतं.

ते कळलं रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत. अप्रेंटिसची लेखी परीक्षा तो पास झाला होता. वडील नवीन शर्ट घालून त्याच्याबरोबर गेले होते. डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं, आणि सिग्नलवाल्याचा मुलगा त्यातला एकही आकडा वाचू शकला नाही. वडील घरी येऊन काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून जेवणानंतर तारा निघेनाशा झाल्या. पावसाळा संपता संपता एका दुपारी भाऊ बाहेर पडला तो परत आला नाही. आधी मित्रांकडे, मग दवाखान्यांत, मग पोलिसांत, मग शेगाव, नाशिक, जिथे कुणी सांगेल तिथे वडील जाऊन आले. काही नाही.

शास्त्रात बारा वर्षं वाट बघायला सांगितली आहे. ती संपल्यावर गुरुजींनी वडिलांना समजावलं. देह सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आम्ही चांदोदला नर्मदेवर गेलो. दर्भ आणि पानं बांधून माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. आईनं ट्रंकेतून भावाचा एक शर्ट काढून दिला होता, तो त्याच्यावर पांघरला. बायकांनी धर्मशाळेत थांबावं असं गुरुजी म्हणाले. आई थांबली नाही. घाटाच्या पायरीवर बसून तिनं शेवटपर्यंत पाहिलं. वडिलांनी डोकं आणि मिशी भादरली होती. मिशीशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते आणि एखादा परका माणूस आपल्या घरचं कार्य करतोय असं मला वाटत राहिलं. त्यानंतर तीन-चार वर्षांनी वडील गेले. सर्वपित्रीला आई दोन पानं वाढायची, एक वडिलांचं आणि एक भावाचं.

आणि आता मी या ट्रकखाली पडले होते आणि बोटाखाली तीन गाठी होत्या.

मी आधी काम पूर्ण केलं. इंजिनाच्या बाजूला गेले, तिथे जुडीच्या दुसऱ्या टोकाला तीन गाठींची तार शोधली. ती होतीच, इंजिनाच्या लोखंडाला बोल्टनं घट्ट. वरचं टोक सोलून पुन्हा कॅबिनला जोडलं. ह्यांनी दिवे लावले, ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. काटा जागचा हलला नाही. ऑइलचा दिवा विझला. ड्रायव्हर हायवेवर एक चक्कर मारून आला आणि खाली उतरून त्यानं माझ्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला.

मी कॅबिनच्या दाराशी गेले. तिथे कारखान्याची पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर गाडी बनल्याचं साल कोरलेलं असतं. ते वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं. चांदोदला आम्ही भावाला अग्नी दिला तेव्हा हा ट्रक जन्माला यायचा होता.

“काय झालं?” ह्यांनी विचारलं.

“हे वायरिंग दादानं केलंय.”

हे माझ्याकडे बघत राहिले. लग्नाआधीच भाऊ गेलेला, त्यामुळे ह्यांनी त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं. फोटोला हार होता.

शेठना मी एवढंच विचारलं की हा ट्रक तुम्ही कुणाकडून घेतला. “सावली गावच्या पार्टीकडून,” ते म्हणाले. “का, कागदाची काही भानगड?” मी नाही म्हटलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आईला काही सांगितलं नव्हतं. रावपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ती, हे आणि मी. स्वयंपाक करता करता मी थांबायचे. सावली म्हणजे कुठे लांब नाही, तासाभराचा रस्ता. गेली कित्येक वर्षं त्या बाजूचे ट्रक रोज आमच्या दुकानावरून जात होते. एखाद्या ट्रकात तो क्लीनरशेजारी बसून गेला असेल, मी खाली वाकलेली, त्यानं पाहिलं असेल किंवा नसेल. रस्त्यात पन्नाशीकडे झुकलेला कुठलाही माणूस दिसला की मी त्याचे हात बघायचे. एकदा खंडेराव मार्केटात मी एका अनोळखी माणसाच्या मागे मागे भाजीच्या ओळी संपेपर्यंत गेले. त्यानं वळून विचारलं, “शुं छे, बेन?” आणि मी काय सांगावं न कळून त्याच्या पिशवीतल्या वांग्यांचा भाव विचारला.

शेवटी हेच म्हणाले, “चल, जाऊन बघू. नसला तर नसला.”

आम्ही स्कूटरवरून सावलीला गेलो. ट्रक उभे राहतात तिथे चहाच्या गाडीवर ह्यांनी गुजरातीत विचारलं, दोरा बांधून वायरिंग करणारं कुणी इथे आहे का. चहावाल्यानं किटली खालीही ठेवली नाही. “दोरावाळा? पंपाच्या पुढे, टायरवाल्याला लागून.”

पत्र्याची शेड होती. बाहेर एक रिकामी ट्रॉली, आत तारांची भेंडोळी लटकलेली. पाटावर बसून एक माणूस तार सोलत होता. डोक्यावर केस थोडे, डोळ्यांना जाड चष्मा, अंगात बनियन. मला ओळखू आला नाही. मी मनात धरून आले होते तो मुलगा वीस वर्षांचा होता.

“बोलो,” तो ह्यांना म्हणाला.

ह्यांनी सांगितलं, स्कूटरचा मागचा दिवा लागत नाही. तो खरंच लागत नव्हता, किती तरी दिवस. घरची स्कूटर बघायला मला कधी वेळ व्हायचा नाही. तो उठला, स्कूटरच्या मागे उकिडवा बसला, दिव्याची काच काढली. मग हे मला हळूच मराठीत म्हणाले, “तू सावलीत उभी राहा, ऊन फार आहे.”

त्याचे हात तसेच थांबले. त्यानं मान वर केली नाही.

“आई आहे?” त्यानं विचारलं. मराठीत.

“आहे.”

“अण्णा?”

“गेले.”

त्यानं मान हलवली. मग दिव्याचं काम पुरं केलं. तार सोलली, जोड दिला, दोरा गुंडाळला, एक गाठ मारली, काच बसवली. हात पुसायला बराच वेळ लावला. मग टायरवाल्याच्या पोराला आवाज देऊन तीन चहा सांगितले.

मी त्याला धरून रडेन असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आम्ही तिघं शेडमध्ये बसून चहा प्यालो. मला त्याच्या अगदी जवळ जायची भीती वाटत होती, खरं सांगायचं तर. त्याच्या फोटोला आम्ही इतकी वर्षं हार घालत होतो.

तो मोडक्या मराठीत बोलत होता. मधेच गुजराती यायची, मधेच हिंदी. पहिल्यांदा ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. मग इंदूर, मग रायपूरकडे. वायरिंग तिथेच करायला लागला, रंग विचारायला कुणी नसायचं म्हणून गाठी. घरी परतायचं रोज मनात यायचं. अण्णांसमोर जाऊन उभं राहायचं कसं, एवढंच जमत नव्हतं. काही तरी होऊन दाखवू, मग जाऊ, असं करता करता वर्षं गेली.

“पण मी आलो होतो,” तो म्हणाला.

“कुठे?”

“घरी. क्वार्टरमध्ये गेलो तर दुसरीच माणसं. त्यांनी रावपुऱ्याचा पत्ता सांगितला. मी गल्लीत शिरलो तर अण्णा ओट्यावर बसलेले. डोकं भादरलेलं, मिशी नाही. मी कोपऱ्यावरच थांबलो. पिठाच्या गिरणीवर एक जण होता, त्याला विचारलं, त्यांच्याकडे कोण गेलं? तो म्हणाला, त्यांचा मुलगा.”

हे चहाचा कप हातात धरून बसले होते.

“मला आधी कळेचना,” भाऊ म्हणाला. “मी म्हटलं, कुठला मुलगा? तो म्हणाला, एकच होता.”

“मग तू आत का नाही आलास?”

“कसा येणार? सगळं झालं होतं. मी आत गेलो असतो तर अण्णांचं काय झालं असतं?” “परत एस.टी. स्टँडवर आलो. मला वाटत होतं, मी कुणाला दिसतोय की नाही. बसमध्ये कंडक्टरनं तिकीट मागितलं तेव्हा जिवात जीव आला. बस सावलीची होती. समोर लागली म्हणून बसलो होतो.”

आणि तिथेच राहिला. घरापासून तासाभरावर. लग्न केलं नाही. शेडच्या मागे एक खोली होती, त्यात एक खाट आणि स्टोव्ह. त्यानंतर बडोद्यात तो अनेकदा आला होता, सामान घ्यायला. रावपुऱ्यातून मात्र कधी गेला नाही. अण्णा गेल्याचं त्याला माझ्याकडूनच कळलं होतं, आणि ते ऐकल्यापासून त्यानं त्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. आम्ही निघताना त्यानं विचारलं, “अण्णांना त्रास झाला का?” मी म्हटलं, “नाही, झोपेत गेले.” ते खरं होतं.

आईला सांगायला मला आठवडा लागला. ती मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि ट्रकपासून सगळं सांगितलं. मेथीची पानं एका बाजूला, देठ एका बाजूला. माझं झाल्यावर ती म्हणाली, “दोऱ्याला गाठी कुणीही मारतं.”

“आई, मी बोलले त्याच्याशी. अण्णांना त्यानं ओट्यावर पाहिलं होतं, भादरलेले.”

“गल्लीत सगळ्यांनी पाहिलं होतं.”

“त्याला बोलवू?”

तिनं देठ गोळा करून सुपात टाकले. “तुझ्या ओळखीचे आहेत तर बोलव,” ती म्हणाली.

तो रविवारी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात ‘लीलो चेवडो’ या ओल्या गुजराती चिवड्याचा पुडा. दारातच वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं. आईनं पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही. तो उठल्यावर तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि म्हणाली, “या. बसा तुम्ही.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तो बसला. आईनं पाणी दिलं. प्रवास कसा झाला विचारलं, सावलीला पाऊस झाला का विचारलं. “तुम्ही चहा घेता ना?” त्यानं हो म्हटलं. चहा तिनं पाहुण्यांच्या कपबशीत दिला. शेव-उसळ केली होती, भावाला लहानपणी फार आवडायची ती, आणि पुन्हा पुन्हा आग्रह करून वाढली, पण “घ्या ना, लाजू नका,” असं म्हणत. तो खात होता. त्याचे डोळे भरून आले तेव्हा ती म्हणाली, “तिखट झालंय का तुम्हाला?”

तो गेल्यावर मी आईवर चिडले. “आई, तो दादा आहे! पोटचा मुलगा ओळखत नाहीस?”

ती भांडी घासत होती. “असेल,” ती म्हणाली. “माणूस भला आहे. येऊ दे की. पण माझ्या मुलाला मी चांदोदला जळताना पाहिलंय. त्याच्या अंगावर मी शर्ट दिला होता. ते मी काय खोटं मानू?”

मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. काढून उपयोगही नव्हता. भाऊ दर रविवारी येऊ लागला. मला वाटलं होतं, पहिल्या दिवसानंतर तो येणार नाही. पण तो यायचा, पंखा दुरुस्त करायचा, नळाची चकती बदलायचा, आईच्या समोर बसून तिच्या सांधेदुखीची चौकशी करायचा. तोही तिला ‘तुम्ही’ म्हणायला लागला. दोघं इतक्या अदबीनं बोलायची की आतल्या खोलीतून ऐकताना मला कसंसंच व्हायचं. सर्वपित्री आली तेव्हा मी धास्तावले. आईनं नेहमीप्रमाणे दोन पानं वाढली. रविवार नव्हता, तो येणार नव्हता, एवढंच बरं.

एकदा तो मार्केटातून टोमॅटो घेऊन आला. आईनं पिशवी ताटात रिकामी केली. निम्मे टोमॅटो हिरवेगार, कच्चे. ती ताटाकडे बघत राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिनं एक हिरवा टोमॅटो उचलला, बोटांनी दाबून पाहिला, आणि त्याच्या हातात दिला.

“असे दाबून घेत जा,” ती म्हणाली. “रंगावर जाऊ नका तुम्ही.”

तो खाली मान घालून “हो” म्हणाला. तिनं कच्चे टोमॅटो वेगळे केले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची चटणी केली. एवढंच. मी कित्येक दिवस ती काही बोलेल म्हणून वाट पाहिली. एकदा दुपारी ती पडल्या पडल्या आढ्याकडे बघत होती. मी विचारलं, कसला विचार करतेस. ती म्हणाली, “त्यांना तिथे जेवायला कोण घालत असेल गं?” मी म्हटलं, “कुणाला?” ती कुशीवर वळली. चांदोदचा म्हणत होती की सावलीचा, ते मला आजही माहीत नाही.

ती अशी सहा-सात वर्षं जगली. शेवटच्या आजारपणात भावानं शेड बंद ठेवली आणि तो दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिला. तिला उठवून बसवणं, पाणी पाजणं तोच करायचा. शुद्ध असेपर्यंत ती त्याला म्हणायची, “तुम्हाला फार त्रास होतोय माझ्यामुळे.” तो म्हणायचा, “नाही हो, कसला त्रास.”

ती गेली तेव्हा गुरुजींनी विचारलं, अग्नी कोण देणार. मी भावाकडे पाहिलं. हेही त्याच्याकडे पाहत होते. त्यानं हात जोडले आणि मागे सरून गल्लीतल्या माणसांमध्ये जाऊन उभा राहिला. अग्नी मी दिला. लोक परतायला लागले तरी तो तिथेच होता. तो बराच वेळ आमच्याबरोबर चालत आला, मग नाक्यावर बस दिसल्यावर हात करून चढला.

आता हा येणार नाही, असं मी ह्यांना म्हटलं. कुणासाठी येणार?

दिवस वगैरे सगळं पार पडलं. त्यानंतरच्या रविवारी दुपारी कडी वाजली. भाऊ होता. इस्त्रीचा शर्ट, हातात चेवड्याचा पुडा. आत आला, नेहमीच्या जागी बसला. ह्यांनी टीव्ही लावला, मॅच चालू होती. मी चहा केला. बराच वेळ मॅच बघितल्यावर तो म्हणाला, “तुमच्या माळ्यावरचा दिवा लुकलुकतोय. शिडी आहे का?”

ह्यांनी शेजारून शिडी आणली.